भालचंद्राचा प्रवास

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक संमेलनात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर बोलावयाचे म्हणजे वक्त्याने पानिपतापासून प्रारंभ करावा, महादजी शिंद्यांपाशी थोडे थांबावे, आणि चिंतामणराव देशमुख व काकासाहेब गाडगीळ यांचे पुण्यस्मरण करून खाली बसावे, असा आपल्याकडे एक शिरस्ता आहे. आमच्यापूर्वीच्या वक्त्यांनी तो उत्तम रीतीने पाळला आहे. आम्हांस मात्र कार्यकारिणीने निराळीच कामगिरी सोपविली आहे. आमचा विषय येथे मेजावर, पाण्याच्या तांब्याशेजारी बसलेला आपणांस दिसतच असेल. उंची दोन वीत, रंग एके काळी तपकिरी, अंगात पिस्ता रंगाचा स्वेटर, आणि एका कानावर खाकी दोऱ्याची शिवण. समोर बसलेल्या मंडळींपैकी निदान बाराजणांनी याचा कान बाळपणी चघळलेला आहे. आज त्यांतील काहींच्या डोक्यावर केस उरलेले नाहीत. याच्या डोक्यावरही फारसे नाहीत.

याचा जन्म १९७६ सालचा. त्या वेळी आम्ही रामकृष्णपुरम् येथील सरकारी वसाहतीत राहत होतो. शेजारचे कुटुंब पुण्याहून बदलून आलेले. दिल्लीच्या पहिल्याच डिसेंबरात त्या गृहस्थांनी धास्ती घेऊन जुन्या कपड्यांच्या बाजारातून एक लोकरी ओव्हरकोट आणला. तो इतका ऐसपैस होता की त्यात ते स्वतः, जेवणाचा डबा आणि कार्यालयाच्या दोन फायली एकाच वेळी मावत. चार हिवाळे त्या कोटाने काढले. पुढे त्यांची बदली परत पुण्यास झाली. मे महिना, सामान बांधून झालेले, आणि हा कोट खुंटीवर तसाच. पुण्यास नेऊन त्याचे करावयाचे काय? तेव्हा वहिनींनी कात्री घेतली. आमची मुलगी आणि त्यांची मुलगी एकाच वयाच्या, तीन वर्षांच्या. दोघींची ताटातूट व्हावयाची होती. दोन रात्रीं जागून त्यांनी त्या कोटाच्या पाठीचे हे अस्वल बेतले. पोटात रजईतून उरलेला कापूस भरला, डोळ्यांच्या जागी कोटाचीच दोन पितळी बटणे लावली, आणि टांग्यात बसताना ते आमच्या मुलीच्या हातीं दिले.

नामकरणाची हकीकत थोडी विस्ताराने सांगणे भाग आहे. वसाहतीतील मुले अर्थातच त्याला ‘भालू’ म्हणू लागली. त्या सुमारास आमच्या आई गावाहून आलेल्या होत्या. त्यांनी तो शब्द ऐकला आणि हातातील जपमाळ खाली ठेवली. हिंदीत भालू म्हणजे अस्वल. परंतु आपल्या मराठीत भालू म्हणजे कोल्हीण, आणि तिचे ओरडणे महा अशुभ. तिन्हीसांजेला घरात ‘भालू, भालू’ असा पुकारा चालावा, हे त्यांना कसे रुचावे? आम्ही त्यांना हिंदी अर्थ समजावून दिला. तो त्यांनी ऐकून घेतला, पण मानला नाही. पोरांच्या जिभेवरून शब्द तर जाईना. अखेर त्यांनीच तोड काढली: “भालूच म्हणायचं ना? मग भालचंद्र म्हणा. गणपतीचं नाव आहे, चार वेळा तोंडी तरी येईल.” दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या माणसाला किती तडजोडी कराव्या लागतात, याची मोजदाद आपण सर्वांनी केलेली आहेच, ही त्यांतील सर्वांत गोड म्हणावी लागेल.

अस्वलासारखा हिंस्र प्राणी मुलांच्या अंथरुणात कसा शिरला, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस पडलेला होता. आमच्या बाळपणी अस्वल येई ते दरवेशाबरोबर, नाकात वेसण घालून. डमरू वाजला की आम्ही दाराआड दडत असू. आई आम्हांला ओढून त्या प्राण्याच्या पाठीवर क्षणभर बसवी आणि भीती जावी म्हणून त्याचा एक केस ताइतात घालून गळ्यात बांधी. उत्तरेत हाच व्यवसाय कलंदर लोक करीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही तो वर्षानुवर्षे रस्त्यांवर दिसत राहिला. आग्र्याजवळ कीठम तलावाच्या परिसरात अशा सोडविलेल्या अस्वलांसाठी आश्रयस्थान उभे राहिले, तेथे २००२ पासून अस्वले येऊ लागली. आणि २००९ च्या अखेरीस शेवटचे नाचविले जाणारे अस्वलही मुक्त झाले, असे ती संस्था सांगते. कलंदरांना दुसरे उद्योग मिळवून देण्याचे प्रयत्नही त्याबरोबर झाले, हे मुद्दाम नमूद करावयास हवे. दिल्लीहून पुण्यास जाणारी आपली गाडी त्याच भागातून जाते. भालचंद्र खिडकीशी बसून तेथून कितीदा गेला असेल!

खेळण्यातील अस्वलाचा जन्म मात्र १९०२ सालचा. नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी राज्यात शिकारीस गेले. शिकार काही मिळेना. तेव्हा हॉल्ट कॉलियर नावाच्या निष्णात वाटाड्याने, जो स्वतः पूर्वी गुलाम होता, एक अस्वल पकडून झाडाला बांधून ठेवले आणि अध्यक्षांना बोलावणे धाडले. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडणे आपल्याला शोभत नाही, असे म्हणून रूझवेल्टसाहेबांनी नकार दिला. क्लिफर्ड बेरिमन या व्यंगचित्रकाराने ‘वॉशिंग्टन पोस्ट’ पत्रात त्या प्रसंगाचे चित्र काढले. ब्रुकलिनमधील मिक्टम नावाच्या मिठाईवाल्याने आणि त्याच्या पत्नीने कापडाचे अस्वल शिवून ‘टेडीचे अस्वल’ म्हणून दुकानात मांडले. टेडी हे रूझवेल्टांचे लाडके नाव. गोष्ट येथे संपवितात. पुढचे वाक्य सहसा कोणी सांगत नाही, ते असे की अस्वल जखमी झालेले होते, आणि अध्यक्षांच्याच सांगण्यावरून त्याला सुरीने संपविण्यात आले. मुलांना हे सांगू नये. पण मोठ्यांनी ठाऊक करून घ्यावे.

नेमक्या त्याच सुमारास जर्मनीतील गिंगेन गावी श्टाइफ यांच्या कारखान्यातही अस्वले तयार होऊ लागली होती. हा कारखाना मार्गारेटे श्टाइफ या बाईंचा. बाळपणीच्या पोलिओने त्यांचे पाय गेलेले, उजवा हात दुबळा. १८८० च्या सुमारास त्यांनी टाचण्या खुपसण्यासाठी नमद्याचा एक लहानसा हत्ती शिवला; मुलांनी तो टाचण्यांकडून पळवून खेळावयास घेतला आणि त्यांतून सारा उद्योग उभा राहिला. त्यांचा पुतण्या रिखार्ड याने हातपाय हलणारे अस्वल योजिले. त्या काळच्या अस्वलांच्या पोटात लाकडाचे बारीक तंतू भरीत. आमच्या भालचंद्राच्या पोटात मात्र दिल्लीचा कापूस; आणि १९७९ मध्ये तो खचला तेव्हा, एप्रिलच्या अखेरीस रस्त्याकडेच्या सेमलांची, म्हणजे आपल्या सावरीची, बोंडे फुटून जो कापूस उडतो, तो मुलांनी पिशव्या भरभरून गोळा केला होता. तोच आम्ही वर दडपून बसविला. तेव्हापासून याच्या शिंका कोणाला ऐकू येतात, असे मुले सांगत.

त्याच वर्षी मुलगी शाळेत रमली आणि तिनेच आपण होऊन भालचंद्राला पुण्यास आपल्या धाकट्या मामेबहिणीकडे धाडले. ‘कोणी येणार-जाणार असेल तर’ हे आपल्या मराठी प्रपंचाचे खरे टपालखाते. भाजणी, गोडा मसाला, मुंजीची पत्रिका, लग्नाळू मुलीचा फोटो, सारे त्यानेच चालते. भालचंद्रही तसाच गेला.

१९८६ च्या जून महिन्यात आम्ही पुण्यास गेलो, तेव्हा वसाहतीतील एका घरी बाळ यावयाचे होते, म्हणून परतताना भालचंद्राला घेऊन झेलम एक्सप्रेसमध्ये बसलो. त्याचा एक कान लोंबत होता. भाचीने तीन वेळा बजावले होते, “आत्या, आधी कान शिवा.” “दिल्लीस गेल्यावर शिवू,” असे आम्ही म्हटले. गाडीत समोर सातारा जिल्ह्यातील एक जवान होता. रजा संपवून जम्मूकडे आपल्या तुकडीत परत चाललेला. मनमाड ते झाशी त्याच्याशी पुष्कळ गप्पा झाल्या. आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवाविषयी आम्ही त्याला, प्रवासात माणूस सांगतो तसे, थोडे फुगवूनच सांगितले. नवी दिल्ली स्थानक आले. हमालाशी घासाघीस करीत आम्ही सतरा नग मोजून उतरविले आणि गाडी सुटल्यावर मुलीने विचारले, “भालचंद्र कुठे आहे?”

तो वरच्या फळीवर राहिला होता आणि जम्मूच्या वाटेला लागला होता.

मुलगी तेरा वर्षांची. ती रडली नाही. दोन दिवस आमच्याशी बोलली नाही, एवढेच. ज्या घरी बाळ येणार होते त्यांनी “असू द्या हो, खेळणंच ते” असे म्हणून आमची लाज अधिकच वाढविली. स्थानकावर चौकशी केली, तिचा उपयोग झाला नाही. आणि खरे सांगावयाचे तर आम्हांला त्या अस्वलाचे दुःख होते त्याहून अधिक पुण्याच्या वहिनींना काय पत्र लिहावे याचे होते. ते पत्र आम्ही दोन महिने लिहिले नाही.

गणेशोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी मांडवात एक पार्सल आले. त्यावर पत्ता असा नव्हताच. आपल्या मंडळाचे नाव, त्याखाली ‘गणपती मंडप’ आणि त्याखाली ‘नवी दिल्ली’, एवढेच सुबक मराठी अक्षरांत लिहिलेले. एवढ्यावर ते पोचविणाऱ्या पोस्टमनला आम्ही त्या दिवशी मांडवात बसवून प्रसादाचे मोदक खाऊ घातले. आत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला भालचंद्र. चिठ्ठी नाही, नाव नाही. फक्त लोंबणारा कान जागेवर बसविलेला, खाकी दोऱ्याने, गणवेशाचे बटण लावतात तशा घट्ट टाक्यांनी. त्या जवानाचे नाव आम्ही गाडीत विचारले नव्हते. दीड दिवस एकमेकांच्या डब्यातले खाल्ले, आणि नाव विचारले नाही! त्याची ही शिवण या घटकेपर्यंत कोणी उसवलेली नाही.

आपल्या मंडळात भालचंद्राची जी प्रथा आहे, ती येथून सुरू झाली. तो कोणाला दिला जात नाही, सोपविला जातो. आणि ज्या घरून तो निघेल, त्या घराने निघण्यापूर्वी त्याची एक तरी दुरुस्ती करावयाची. कोणी तळवा बदलला, कोणी मानेला आधार दिला. एकाने उजव्या डोळ्याचे बटण हरविल्यावर सदऱ्याचे पांढरे बटण लावले, त्यामुळे पुढील पंचवीस-तीस वर्षे भालचंद्र जगाकडे किंचित संशयाने पाहत असे. ठसे सर्वांचे आहेत. नावे कोठेही लिहिलेली नाहीत.

आता एक गोष्ट सांगावयाची आहे. ती सांगण्यापूर्वी आम्ही ज्यांची आहे त्यांची अनुमती घेतली आहे. १९९१ साली एका घरी पाळणा बांधला गेला, आणि भालचंद्र आधीच जाऊन तेथे बसला. बाळ इस्पितळातून घरी आले नाही. पुढील काळात मंडळात आणखी तीन मुले जन्मली. त्यांच्या आईवडिलांनी बाजारातून दुसरी अस्वले आणली. भालचंद्राविषयी कोणी विचारले नाही. विचारू नये, असे कोणी कोणास सांगितलेही नव्हते. १९९५ च्या संक्रांतीला हळदीकुंकवास त्या बाई आल्या, त्यांच्या पिशवीत भालचंद्र होता. अंगात हा स्वेटर. हिवाळ्यात दुपारच्या उन्हात हिरवळीवर बसून आपल्या बायका विणकाम करतात, तेव्हा आम्ही तो सुयांवर पाहिलेला होता, चार वर्षांपूर्वी. त्या बाईंनी तिळगूळ दिला, घेतला, आणि भालचंद्राला पलीकडच्या घरच्या आठ महिन्यांच्या मुलीच्या मांडीवर ठेवून त्या वाण लुटावयास लागल्या. आज त्या समोर तिसऱ्या रांगेत आहेत.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. २००४ मध्ये त्याच तेरा वर्षांच्या मुलीच्या मुलासाठी भालचंद्र अमेरिकेत न्यू जर्सीस गेला. विमानतळावरील तपासणीच्या यंत्रात त्याच्या पोटात काही धातू असल्याचे दिसले. दोनदा पट्ट्यावरून फिरविले, दाबून पाहिले, आणि शेवटी एक लहानशी गोल चकती एवढाच निष्कर्ष निघाल्यावर त्याला जाऊ दिले. ती चकती कसली, हे आम्हांलाही ठाऊक नव्हते. २०११ मध्ये तो परतला तो गुडगावला. २०१६ साली त्या शहराचे नाव गुरुग्राम झाले ते त्याने तेथेच ऐकले. २०२० मध्ये तो नोएडात एका घरी होता. तेथे आजी-आजोबा एका मजल्यावर आणि नातू दुसऱ्या मजल्यावर, आणि मध्ये आजाराची भीती. तेव्हा दोरीने बांधलेल्या टोपलीतून तो सज्ज्यावरून खालीवर जात-येत असे. साबणाने इतका धुतला गेला की उरलेला तपकिरी रंगही गेला. मग मुले मोठी झाली आणि तो पुन्हा आमच्या कपाटावर येऊन बसला.

यंदा कार्यकारिणीने सूचना केली की सुवर्णमहोत्सवानिमित्त भालचंद्राला मंडळाच्या सभागृहात काचेच्या कपाटात कायमचे स्थान द्यावे. सूचना आदराची होती. आम्ही जवळजवळ होकार दिलाच होता. तत्पूर्वी एकदा बहादूरशाह जफर मार्गावरील नेहरू हाऊसमध्ये जाऊन बाहुल्यांचे संग्रहालय पाहून यावे असे वाटले. आपल्यांतील बहुतेकांनी ते मुलांना दाखविलेले आहे. हे व्यंगचित्रकार शंकर यांचे कार्य. आणि योगायोग पाहा: त्यांचा जन्म केरळातील कायंकुळम् येथे १९०२ सालीच, ३१ जुलैचा. एका व्यंगचित्रकाराने अस्वल मुलांच्या हातीं दिले, त्याच वर्षी जन्मलेल्या दुसऱ्या व्यंगचित्रकाराने बाहुल्यांना घर दिले. त्यांच्या मुलांच्या स्पर्धेसाठी हंगेरीच्या राजदूतांनी एक बाहुली बक्षीस म्हणून दिली, आणि शंकर तिच्यावर असे लुब्ध झाले की पुढे ज्या ज्या देशी गेले तेथून बाहुल्या आणू लागले. त्या बाहुल्यांची प्रदर्शने गावोगाव भरत. परंतु वारंवार बांधण्या-सोडण्यात बाहुल्या मोडत. ही अडचण इंदिराजींच्या कानीं गेली आणि कायम जागेची कल्पना निघाली. ३० नोव्हेंबर १९६५ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन् यांच्या हस्ते उद्घाटन झाले. आरंभी सुमारे १००० बाहुल्या होत्या. पुढे ८५ देशांतील ६००० हून अधिक झाल्या.

त्या काचांपुढून हिंडताना आमच्या मनात आले की या बाहुल्या प्रवासाने मोडत होत्या म्हणून काचेआड आल्या, आणि ते योग्यच झाले. भालचंद्र मात्र जेथे जेथे गेला तेथून थोडा दुरुस्त होऊनच निघाला. मोडला तो आमच्या घरी, निष्काळजीपणाने.

आणखी एक अस्वल आठवले. विनी द पूह या नावाने जगभर ठाऊक झालेले, लेखक मिल्न यांच्या मुलाचे ते खेळणे. ते १९२१ मध्ये लंडनच्या हॅरॉड्स दुकानातून घेतलेले. १९४७ मध्ये अमेरिकेस गेले, आणि १९८७ पासून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे आहे. १९९८ मध्ये ग्वेनेथ डनवुडी या ब्रिटिश लोकसभेच्या सदस्य बाईंनी, ते काचेआड उदास दिसते, त्याला मायदेशी परत आणा, अशी मागणी केली आणि दोन्ही देशांत मोठा कल्लोळ उडाला. न्यूयॉर्ककरांनी अर्थातच नकार दिला. वर्तमानपत्रात हे वाचताना आपल्या मंडळातील ज्येष्ठांमध्ये जी चर्चा झाली होती, ती अस्वलाविषयी नव्हती, हे सांगावयास नकोच. निवृत्तीनंतर गावी परतावे की येथेच राहावे, हा वाद आपल्याकडे प्रत्येक हिवाळ्यात निघतो आणि प्रत्येक उन्हाळ्यात विरतो. कोणी परतले, पुण्या-नागपुरास सदनिकेत बसून आता दिल्लीच्या थंडीची आठवण काढतात. आम्ही राहिलो.

अखेर आम्ही पुण्यास वहिनींना दूरध्वनी केला. भालचंद्र मूळचा त्यांचा, म्हणून काचेच्या कपाटासाठी त्यांची परवानगी मागितली. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. ऐकू कमी येते. दोनदा सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “कपाटात ठेवायचा होता, तर मी त्याच्या पोटात जादा बटण कशाला घातलं असतं?”

कोटाला आतून एक बटण जादा शिवलेले असते. तेच त्यांनी १९७६ मध्ये कापसात पुरून ठेवले होते. कोणा मुलाने डोळा उपटला तर उपयोगी पडावे म्हणून. विमानतळावरील ती चकती ही!

कार्यकारिणीची क्षमा मागून आम्ही ती सूचना नम्रपणे नाकारली आहे. काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी भालचंद्राचे एक छायाचित्र आणि ते सदऱ्याचे पांढरे बटण आम्ही चिटणीसांकडे दिले आहे. आमच्या घराची दुरुस्ती परवाच झाली: पाठीची शिवण चार बोटे उसवून, सावरीच्या कापसात चाचपडून बटण काढले आणि उजव्या डोळ्याच्या जागी लावले. ते अगदी नवे, चकचकीत आहे. डावा डोळा मळका. पाठ पुन्हा शिवली. टाके जरा वाकडे आले आहेत, हात कापतो. खाकी दोऱ्याला आणि स्वेटरला हात लावलेला नाही.

फरीदाबादला आपल्या एका सभासदांच्या घरी गेल्या महिन्यात नात झाली आहे. येत्या रविवारी त्या बाजूस कोणी जाणार असल्यास कृपया आम्हांस कळवावे. सामान फार नाही, मांडीवर बसेल.